बदक पुढे जात नाही

१

माझं काम भिंतीला घासत जाण्याचं आहे. ऐकून लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. मी गेम तपासते. गेममधली भिंत सगळीकडे खरोखरच भिंत आहे का, हे कुणाला तरी बघावं लागतं. नाहीतर एखाद्या कोपऱ्यात गाडी आरपार जाते आणि खेळणारा निळ्या पोकळीत पडत राहतो. म्हणून मी गाडी भिंतीला टेकवते आणि वीतभर वीतभर पुढे सरकते. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग सगळं उलट दिशेने. सकाळी सात ते दुपारी तीन. पगार बरा आहे, पाठ दुखते.

या वर्षी आमच्याकडे तीस वर्षं जुना एक गेम आला. कार्टूनच्या छोट्या गाड्यांची शर्यत. बेडूक, किटली, पोस्टमन, गोगलगाय, बदक आणि असेच आणखी तीन चालक. कंपनीला तो नव्या यंत्रांवर जसाच्या तसा आणायचा होता. जसाच्या तसा म्हणजे त्याच्या खोडींसकट, हे आम्हाला तीनदा बजावून सांगितलं होतं.

गेम गोड आहे, खोटं कशाला बोलू. पाच मिनिटांत कुणालाही जमतो. गाडी उलटत नाही, कुणी मरत नाही. कड्यावरून पडलात तर वरून एक मोठी छत्री येते, तुम्हाला दांडीत अडकवते आणि पुन्हा रस्त्यावर आणून ठेवते. जो सगळ्यात मागे पडतो त्याला सगळ्यात चांगली मदत मिळते. असं बाहेर कुठे होत नाही, म्हणून आजही चाळिशीतली माणसं या गेमचं नाव काढलं की हळवी होतात.

खोडी म्हणाल तर बऱ्याच आहेत. गाणं दर चाळीस सेकंदांनी पहिल्यापासून सुरू होतं. झाडं कापलेल्या पुठ्ठ्याची, तुम्ही जाल तिकडे तोंड फिरवणारी. पण खरी मोठी खोड एकच, तिला आम्ही इलॅस्टिक म्हणतो. तुम्ही कितीही झकास चालवा, दुसऱ्या नंबरची गाडी तुमच्या पाठीला इलॅस्टिकने बांधल्यासारखी मागून येतेच. ती कौशल्याने येत नाही, ओढली जाते. लहानपणी मला वाटायचं आपणच कमी पडतो. नोकरीला लागल्यावर कळलं की ही सरळसरळ लबाडी होती, आणि तिचाही मला फारसा राग आला नाही.

राग यायचं तसं बंदच झालं होतं. आई गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मला काही धड वाटत नाही. हसू येतं, पण तोंडापुरतं. हातावर गरम चहा सांडला तरी आधी डोळ्यांना दिसतो, मग भाजतो.

२

बाबांनी छत्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. अर्ध्या गावाचे पाय क्लचवर त्यांनी ठेवले असं म्हटलं तरी चालेल. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्या शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक होता, आणि तो दाबायची सवय उजव्या पायात इतकी मुरलेली की सिनेमा बघतानाही त्यांचा पाय जमिनीवर दाबला जायचा. आई म्हणायची, यांनी लग्नातसुद्धा ब्रेक मारला होता.

सहा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. डावा हात गेला. जिभेवर मोजके शब्द उरले: हो, नको, थांब, बयो. बयो म्हणजे मी. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका येऊ शकतो, आणि तो आला तर पहिल्यासारखा सोडणार नाही. मी माझं बिऱ्हाड उचललं आणि त्यांच्याकडे राहायला आले. दिवसा कामाच्या मावशी असतात, मी तीननंतर.

व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, बोटं हलती ठेवा, कशानेही ठेवा. मी ऑफिसातला गेम खेळायचा एक जादा संच घरी आणला. बाबांनी आठ चालकांमधून गोगलगाय निवडली. मी म्हटलं, "बाबा, अहो शर्यत आहे." ते गालातल्या गालात हसले. पहिल्या दिवशी त्यांनी निघण्याआधी मागे बघायचं बटण शोधून काढलं, मागे बघितलं, मगच गाडी हलवली. सोप्या पातळीवर तुम्ही रेंगाळलात की बाकीचेही रेंगाळतात, त्यामुळे एवढं करूनही बाबा पहिलेच. रोज चार वाजता, चहा झाल्यावर, तीन फेऱ्या. मी शेजारच्या खुर्चीत बसून वाटाणे सोलायचे.

आठवड्याभराने त्यांनी ती गोष्ट केली. दुसऱ्या नंबरला बदक होतं. पिवळंधमक, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात उडता मफलर. इलॅस्टिकमुळे ते बाबांच्या पाठीला चिकटलेलं. आता मागचा चिकटला तर काय करायचं, हे बाबांनी हजारो लोकांना शिकवलं होतं. वेग वाढवायचा नाही. कडेला घ्यायचं आणि त्याला जाऊ द्यायचं, त्याची घाई त्याला लखलाभ. त्यांनी गोगलगाय कडेला घेतली आणि थांबवली. किटली गेली, पोस्टमन गेला, बेडूक गेला, मागचे तिघं गेले.

बदक थांबलं.

मी वाटाण्याची शेंग हातात धरून बघत राहिले. बाबांनी मागे बघायचं बटण दाबून ठेवलं होतं. रस्त्याच्या कडेला तांबडे-पांढरे ठोकळे असतात, त्यांतले अकरा ठोकळे सोडून बदक उभं होतं. इंजिन घरघरत होतं. बाबा निघाले, तेही निघालं.

३

दुसऱ्या दिवशी मी चष्म्याला विचारलं. चष्मा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा, आमच्यातला सगळ्यात जुना. या गेमच्या आतलं त्याला आमच्या साहेबांपेक्षा जास्त कळतं.

"संगणकाची गाडी शर्यतीत मध्येच थांबते का रे कधी?"

"आपटली तर."

"आपटली नाही. उभी राहिली. आपण थांबलो म्हणून."

"अगं, त्यांना ब्रेकच नाही," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "ब्रेक फक्त माणसाच्या गाडीला लिहिलाय. बाकीच्यांना वेग कमीजास्त होतो, पण शून्य नाही होत. मी सगळं वाचलंय."

"मी बघितलं."

"कुठे?"

घरी संच नेलाय हे साहेबांना कळायला नको होतं, म्हणून मी म्हटलं, "असंच, वाटलं." चष्मा माझ्याकडे बघून म्हणाला, "झोप पुरी होते का तुझी?"

मग मी दिवसभर तेच केलं. गोगलगाय घेतली, सोपी पातळी घेतली, बाबांसारखी रेंगाळले, कडेला थांबले. बदक सूं करून निघून गेलं. पंचवीस वेळा थांबले, पंचवीसही वेळा गेलं. तसंच जायला हवं. आमच्या धंद्यात जो बिघाड पुन्हा करून दाखवता येत नाही, तो बिघाड नसतो. मी वहीत काही लिहिलं नाही.

संध्याकाळी घरच्या संचावर, बाबांच्याच खुर्चीत बसून, बाबांच्याच रिमोटने करून बघितलं. बदक गेलं. मग रिमोट बाबांच्या हातात दिला. बदक थांबलं. नऊ ठोकळ्यांवर.

४

मला सवय आहे मोजायची, म्हणून मोजत गेले. नऊ. नऊ. आठ. मध्ये एक दिवस परत नऊ, तेव्हा मला बरं वाटल्यासारखं झालं. मग सात.

मी स्वतःला समजावत होते की बाबा उशिरा थांबतात, म्हणून अंतर कमी होतं. हे शक्य होतं. त्यांच्या बोटांना वेळ लागायचा. मी ब्रेक दाबण्याची वेळही लिहून ठेवू लागले, आणि वेळ रोज साधारण तीच येत होती. मग म्हटलं, हा संच जुना आहे, तापत असेल. ऑफिसातून दुसरा आणला. त्यावर सहा.

बाबांचं मात्र उतरणीला लागलं होतं. चमचा हातातून सुटायचा, तोही उजव्या. 'नको' हा शब्द गेला. नको असेल तर नुसती मान वळवायचे. मावशी म्हणाल्या, "मास्तर हल्ली जेवताना दोनदोनदा मागे वळून बघतात. कोण आहे विचारलं तर बोट करतात." कुठे करतात विचारलं, तर मावशींनी बोळाकडे बोट दाखवलं. आमच्या बैठकीतून आत जायला एक अरुंद बोळ आहे, दहाबारा पावलांचा. बाबांची खुर्ची त्याच्याकडे पाठ करून असते, टीव्ही समोर.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, गोळी वाढवली. "ताण कसला घेत नाहीत ना?" त्यांनी विचारलं. बदकाचं सांगायला तोंड उघडलं आणि कसं सांगावं ते सुचेना. सांगितलं, नाही, दिवसभर घरातच असतात.

पाच. त्या दिवशी बाबांनी गाडी थांबवली, मागे बघितलं आणि माझ्याकडे वळून अगदी नीट, सावकाश म्हणाले, "थांबतंय."

म्हणजे त्यांनाही दिसत होतं. तोवर मी याची शक्यता धरलीच नव्हती.

५

मी संच काढला. वायरी गुंडाळल्या, डब्यात घातल्या, डबा कपाटावर ठेवला. साधी गोष्ट होती, आधीच करायला हवी होती.

दुसऱ्या दुपारी मी आले तर मावशी दारातच उभ्या, चपला घातलेल्या. "आज मी जाते," म्हणाल्या. "मास्तरांचं तुम्हीच बघा."

बाबा खुर्चीत बसले होते. समोर बंद टीव्ही. उजव्या हाताची बोटं मांडीवर चालत होती, रिमोट नसलेल्या जागी. उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, सुटत होता. मी हाक मारली तर त्यांनी ऐकलं नाही. मग त्यांनी बोटं थांबवली, पाय दाबून धरला आणि मान वळवून बोळाकडे बघितलं.

बोळात बारीक घरघर होती.

मी आधी फ्रिज म्हटलं. फ्रिज स्वयंपाकघरात आहे, बोळाच्या उलट बाजूला, तरी जाऊन त्याचा प्लग काढला. घरघर तशीच. वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला असेल म्हणून खिडकीशी कान दिला. खिडकीत उलट कमी येत होती. बोळाच्या तोंडाशी उभी राहिले. दुपारचं चांगलं ऊन होतं, शेवटच्या खिडकीतून फरशीवर पडलेलं, आणि बोळ रिकामा होता. मावशींनी पुसलेली फरशी अजून ओली होती. आवाज माझ्यापासून चार फरश्यांवरून येत होता, गुडघ्याच्या उंचीवरून.

मला भीती वाटायला हवी होती. मी वाट बघितली, पण ती आली नाही. फक्त एवढं कळलं की चार फरश्या म्हणजे पाच ठोकळ्यांपेक्षा कमी.

बाबांच्या पायाने ब्रेक सोडला. घरघर थोडी चढली.

मी कपाटावरून डबा काढला, वायरी जोडल्या, टीव्ही लावला. गाणं सुरू झालं आणि बोळातला आवाज बंद झाला. त्या दिवशी बदक चार ठोकळ्यांवर थांबलं. पडद्यावर असलं तर निदान समोर असतं, एवढाच त्यामागे हिशेब होता.

६

मी माझ्या कामाच्या अंगाने विचार केला. दुसरं काही मला येतही नाही. इलॅस्टिक कुणाला बांधलेलं असतं? मागच्याला पुढच्याशी. बदक बाबांच्या मागे आहे, कारण बाबा आणि बदक यांच्यामध्ये कुणी नाही. संगणकाच्या गाड्या मध्ये घालता येत नाहीत, त्या पुढे निघून जातात. पण माणसाची गाडी घालता येते.

दुसरा रिमोट जोडला. दोघं खेळायला बसलं की पडदा आडवा दुभागतो, वरचा अर्धा एकाचा आणि खालचा अर्धा दुसऱ्याचा. वर बाबा, खाली मी. मी बेडूक घेतला.

"बाबा, तुम्ही पुढे चला. मी मागून येते."

त्यांना ते आवडलं नाही. शिकाऊ माणसाच्या मागे मास्तर असतो, मास्तरांच्या मागे शिकाऊ नाही. भुवया वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण निघाले.

पहिल्या वळणावर मी दोघांच्या मधे घुसले. रस्ता तिथे अरुंद होता. मागे बघायचं बटण दाबलं तेव्हा पिवळा रंग माझ्या अर्ध्या पडद्यावर होता, माझ्या बेडकाच्या मागे, अकरा ठोकळ्यांवर. बाबा कडेला थांबले, मी त्यांच्या मागे थांबले, बदक माझ्या मागे थांबलं. बाबांनी मागे बघितलं तर त्यांना बेडूक दिसला. ते हसले आणि म्हणाले, "बयो."

चार दिवसांत 'नको' परत आला. आठव्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने कप उचलला. उचलला म्हणजे बशीपासून दोन बोटं वर, पण उचलला. व्यायामाच्या बाईने टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाल्या, "मास्तर आता मागे बघत नाहीत." डॉक्टरांनी गोळी कमी केली. मी ऑफिसात चष्म्याला केक नेला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

त्या दिवशी माझ्या मागे बदक सात ठोकळ्यांवर होतं.

७

डाव्या करंगळीपासून सुरू झालं. मुंग्या आल्यासारखं, मग काहीच नाही. दिवसभर रिमोट धरणाऱ्यांचं असं होतंच, आमच्याकडे अर्धे लोक मनगटाला पट्टा बांधून बसतात. मीही पट्टा आणला. मग दोन बोटं गेली. मला त्याचं फार काही वाटलं नाही, आणि का वाटत नाही याचा विचार करायला मला जमत नव्हतं. हा सौदा मला मान्य होता. बाबा कप उचलत होते.

ऑफिसात मी भिंतीला टेकवलेली गाडी सरळ ठेवू शकेना. चष्म्याने माझा रिमोट काढून घेतला. "डॉक्टरकडे जा," तो म्हणाला. "हे काही झोपेचं नाही."

"जाईन."

"आज जा."

"रविवारनंतर जाते."

शनिवारी मी चहा घेऊन बाहेर आले आणि बोळाच्या तोंडाशी माझा डावा हात नुसता उघडला. मी उघडला नव्हता. कप फुटला, चहा माझ्या पायांवर उडाला. मी खाली बघत होते आणि पाय भाजल्याचं कळत नव्हतं.

बाबा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. हाताकडे बघितलं, मग पायांकडे, मग माझ्या मागे, बोळात. शिकाऊ माणूस चुकला की ते असेच गप्प व्हायचे, रागवायचे नाहीत.

"किती?" त्यांनी विचारलं.

हा शब्द सहा महिन्यांत नव्हता. मी म्हटलं, "काय किती?"

त्यांनी उजव्या हाताची बोटं पसरली, पाच. भुवया उंचावल्या.

"तीन," मी म्हटलं. त्यांच्याशी खोटं बोलणं मला लहानपणापासून जमत नाही.

८

रविवारी मावशी नसतात. चार वाजता बाबांनी स्वतःच टीव्हीकडे बोट केलं. मी म्हटलं, आज राहू दे. त्यांनी मान हलवली आणि हात पुढे केला, रिमोटसाठी. खुर्चीत ताठ बसले होते. मावशींनी काल इस्त्री केलेला शर्ट त्यांनी एकट्याने घातला होता, बटणं वरखाली लागली होती.

पहिली फेरी नेहमीसारखी. वर गोगलगाय, खाली माझा बेडूक, त्याच्या मागे ते पिवळं. मी मागे बघितलं नाही. घरघर ऐकू येत होती, टीव्हीतून की कुठून हे ठरवायच्या भानगडीत पडले नाही. डावा हात रिमोटखाली नुसता ठेवला होता, उजव्याने सगळं करत होते.

दुसऱ्या फेरीत बाबांनी गोगलगाय कडेला घेतली. मी सवयीने त्यांच्या मागे थांबू लागले.

"थांबू नको," बाबा म्हणाले.

आवाज एकदम तोच होता. अठरा वर्षांची असताना, पहिल्यांदा रहदारीत गाडी घातली तेव्हा शेजारच्या सीटवरून यायचा तो. त्यात रागही नाही आणि घाईही नाही. तो आवाज आला की हात आपोआप ऐकतात.

"बाबा, नको ना."

"पुढे बघ. चालव."

मी त्यांच्या बाजूने पुढे गेले. वरच्या अर्ध्यात माझा बेडूक दिसला, पुढे जाणारा. मग बाबांनी गाडी हलवली, वळवली आणि रस्त्याच्या मधोमध आडवी लावली. गाडीची लांबी रस्त्याच्या रुंदीला बरोबर पुरली. कुणाला जायला जागा राहिली नाही.

मला ओरडायचं होतं. छातीत काहीतरी वर आलं, तीन वर्षांनी पहिल्यांदा. मी रिमोट टाकून त्यांचा हात धरायला हवा होता, हे तेव्हाही कळत होतं. पण त्यांनी पुढे बघ म्हटलं होतं, आणि मी पुढे बघत होते. डोळ्याच्या कोपऱ्यात वरच्या अर्ध्यावर पिवळं वाढत गेलं. बाबांनी मागे बघायचं बटण दाबलं नव्हतं. त्यांनी गाडी आडवी लावतानाच तिचं तोंड त्याच्याकडे तिरकं वळवलं होतं.

"बाबा."

"आरसा नको बघू. चांगलं चाललंय."

माझी तिसरी फेरी. माझं सोडून घरघर दोन इंजिनांची होती. एक बंद झालं. या गेममध्ये इंजिन बंद होत नाही, शर्यत सुटल्यापासून संपेपर्यंत ते वाजत राहतं. मग दुसरंही बंद झालं. खोलीत फक्त माझं उरलं आणि ते चाळीस सेकंदांचं गाणं.

मी रेघ ओलांडली. कागदाचे तुकडे उडाले, पहिला नंबर आला. डाव्या हाताला रिमोटचा गारवा लागला, पाचही बोटांना.

बाबा ताठ बसले होते, हनुवटी जरा वर. दोन्ही हात रिमोटवर होते. डावासुद्धा, घट्ट मिटलेला. उजवा पाय जमिनीवर दाबलेला होता. मी दोनदा हाक मारली. मग त्यांच्या मनगटाला हात लावला आणि तिसरी हाक मारली नाही.

९

डॉक्टर पाचला आले, सव्वापाचला गेले. म्हणाले, काही कळलं नसेल त्यांना. मी मान डोलावली. मावशींना निरोप गेला, त्या धावत आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत चादर शोधायला गेल्या. मी बाबांच्या बाजूच्या खुर्चीत बसले होते. रडत होते हे मला मावशींनी पदर पुढे केला तेव्हा कळलं. पायही आता भाजल्यासारखे दुखत होते, कालच्या चहाने.

टीव्ही चालूच होता. शर्यत माझ्यापुरती संपली होती, पण बाबांनी रेघ ओलांडली नव्हती, त्यामुळे वरचा अर्धा तसाच थांबलेला. मी तिकडे मुद्दाम बघितलं नव्हतं. आता बघितलं.

दोन्ही गाड्या कडेला नीट लावल्या होत्या, एकामागे एक, रस्ता मोकळा सोडून. गोगलगाईची तपकिरी आणि बदकाची पिवळी. दोन्ही रिकाम्या.

एक सांगायला हवं. या गेममध्ये रिकामी गाडी नाही. चालक आणि गाडी मिळून एकच चित्र आहे, आठही जणांचं, सगळ्या बाजूंनी. मी सहा महिने ती चित्रं रोज बघते. नुसत्या गाडीचं चित्र कुणी काढलेलंच नाही. तरी तिथे दोन्ही गाड्यांत छोट्या सीटा दिसत होत्या. गोगलगाईच्या गाडीत शेजारी दुसरी सीट होती, आणि तिच्यापुढे जमिनीलगत एक जादा ब्रेक.

पुठ्ठ्याची झाडं नेहमी बघणाऱ्याकडे तोंड करून असतात. ती सगळी त्या वेळी दुसरीकडे वळलेली होती, रस्ता सोडून आत माळावर, जिथे गेम संपतो आणि आम्ही कधी तपासत नाही. कुणीतरी तिकडून चालत जात असेल तर ती त्याच्याकडे बघत असतील.

"बंद करू का हे?" मावशींनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "राहू दे जरा."

मी माझा रिमोट उचलला आणि खालच्या अर्ध्यात मागे बघायचं बटण दाबलं. सोडलं, पुन्हा दाबलं. मग खुर्चीत वळून बोळातही बघितलं. दोन्हीकडे रस्ता मोकळा होता. मावशी विचारत होत्या, मास्तरांच्या हातातला रिमोट सुटत नाहीये, काय करू. मी उठले आणि एकेक बोट सोडवायला लागले.